शिवथरचं माहेर

मतदानाच्या दिवशी आमच्या वाडीत मी आणि गुरं एवढेच उरायचो. कुडपणच्या पठारावरची आमची वाडी तशी लहान. सकाळी जीप यायची आणि बायका ठेवणीतली लुगडी नेसून, म्हातारे धुतलेल्या टोप्या घालून मतदानाला निघायचे. जाताना प्रत्येक जण मला काहीतरी सांगून जायचा. कुणाची म्हैस बांधलेली ठेवायची, कुणाच्या पोराला भूक लागली तर टोपलीतली भाकर द्यायची, कुणाचं वाळवण शेळ्यांपासून राखायचं. संध्याकाळी सगळे शाई लावलेली बोटं मिरवत परत यायचे. एकदा माझे चुलत सासरे म्हणाले, "सूनबाय, तू हायस म्हणून आमची लोकशाही चाललीय." सगळे हसले. मीही हसले आणि मग आत जाऊन भांडी जरा जोरातच घासली.

मी जन्माने नेपाळची. वडील महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होते. मला इथं आणलं तेव्हा मला धड चालताही येत नव्हतं. बोलायला मी इथंच शिकले आणि शाळेत गेले तीही मराठी. नेपाळच्या माणसाला भारतात राहायला किंवा काम करायला परवाना लागत नाही, त्यामुळे आपण परके आहोत हे मला कित्येक वर्षं कुणी जाणवूच दिलं नाही. ते कळायचं फक्त कागदाचं काम निघालं की. कायमची राहणारी, पण इथली नव्हे, अशी माझी तऱ्हा होती.

लग्न झालं तेही त्या फाटकामुळेच. नवरा त्याच कारखान्यात कामाला होता. तो रोज वेळेच्या बराच आधी येऊन फाटकाशी रेंगाळायचा, आणि माझे वडील बिचारे पोरगा कामसू आहे म्हणून त्याचं कौतुक करायचे. खरा प्रकार कळल्यावर ते आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत, पण मग तेही मऊ पडले. कुडपणला मात्र सासूबाईंनी एक अट घातली. मला वाटलं, जातीपातीचं काहीतरी निघणार. त्या म्हणाल्या, "तुझे आईबाप आता नेपाळात परत जायाचे. मग तुला म्हायेर कुठलं? भांडण झालं तर रुसून जायला तरी घर हवं का नको?"

माझ्याशी भांडण होणार हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. त्या बाबतीत त्या चुकल्या नाहीत.

मग माहेर शोधायची मोहीम निघाली. आमच्या भागात असं करतात. सून लांबची असेल, तिचं मागे कुणी नसेल, तर दुसऱ्या गावातलं एखादं घर तिला लेक मानतं. मान नुसता तोंडाचा नसतो. कन्यादान ते करतात, पहिलं बाळंतपण ते करतात, आणि गौरी-गणपतीला दर वर्षी त्यांच्याकडून काहीतरी यावं लागतं. सासूबाईंच्या नात्यातलं एक जोडपं शिवथरला होतं, तीन मुलगे आणि मुलगी नाही. निरोप गेला आणि ती बाई दुसऱ्याच दिवशी गाडी बदलत बदलत महाडला आमच्या खोलीवर हजर झाली. माझ्या जन्मदात्या आईला आम्ही आमा म्हणतो. आमाला मराठी बेताचंच आणि हिला नेपाळी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघी समोरासमोर बसल्या, चहा प्यायल्या, आणि आमाने माझा हात उचलून हिच्या हातात दिला. दोघी रडल्या. त्या दिवसापासून मी हिला आई म्हणते.

आणि तिने माहेरपण असं केलं की सख्खीने काय करावं! माझ्या लेकीच्या वेळी तिने मला चाळीस दिवस जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. गौरींना तिच्या परसातल्या मांडवावरचं तवसं, म्हणजे आपली पावसाळी मोठी काकडी, माझ्यासाठी यायचं. मांडवावरचं पहिलं मोठं तवसं ती चुन्याचं बोट लावून राखून ठेवायची आणि मुलांना बजावायची, "त्याला हात लावाल तर बघा, बायचं हाय ते." मग ते पिशवीत घालून, मांडीवर धरून, दोन एसट्या बदलून ती आमच्या घाटाच्या वाटेला लागायची. चुलत सासरे चेष्टा करायचे, "इवढ्या लांबून काकडी आणतेस, पोलादपूरच्या बाजारात मिळत नाय काय?" ती म्हणायची, "मिळते. म्हायेरची नाय मिळत."

अर्ज करायचं ठरलं ते लेकीमुळे. शाळेतून येऊन तिने विचारलं, की सगळ्यांच्या आया मत देतात, मग तूच घरी का राहतेस? गुरं राखायला, असं मी सांगितलं, पण ते सांगताना माझीच मला लाज वाटली. नवऱ्याला म्हटलं, आता पुरे झालं. मला या देशाची व्हायचंय, नुसतं राहायचं नाही. तो म्हणाला, मी कधीपासून म्हणतोय. तो कधीपासून वगैरे काही म्हणत नव्हता, पण लगेच कामाला मात्र लागला. महाडच्या सायबर कॅफेत बसून आम्ही अर्ज भरला, कागद जोडले, छापील प्रती अलिबागला दिल्या. वाडीत मी सगळ्यांना सांगितलं, की मी इथली व्हायचा अर्ज केलाय. चुलत सासऱ्यांना पहिली चिंता पडली ती, मतदानाच्या दिवशी आता गुरं कोण बघणार याची.

पुढचा सगळा घोटाळा माझ्या त्या एका वाक्याने केला.

काही महिन्यांनी पोलीस चौकशीला आले. नेमकी मी लेकीचे डोळे तपासून घ्यायला महाडला गेले होते आणि नवरा कामावर. वाडीने पोलिसांना ओट्यावर बसवलं, चहा दिला, भाजलेल्या शेंगा दिल्या. त्यांनी विचारलं, ही बाई मूळची कुठली? आता वाडीचा विचार बघा. सूनबाईला इथलं व्हायचंय. ती इथली आहे की नाही, ते बघायला पोलीस आलेत. मग ती इथलीच आहे हे ठासून सांगायला नको? सासूबाई म्हणाल्या, "शिवथरची." शेजारीण म्हणाली, "शिवथरचीच." चुलत सासरे तर पुढे सरसावून म्हणाले, "अवो सायेब, नाकाला शेंबूड होता तवापासून बघतोय मी तिला. शिवथरच्या नदीत डुंबायची."

पोलीस बिचारे शिवथरला गेले. तिथे आईने सांगितलं, "माझ्या पोटची हाय." तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या शिवथरच्या वडिलांना वाटलं, एवढ्याने भागणार नाही. त्यांनी माझ्या जन्माची सगळी हकीकत ऐकवली. पाऊस कसा धो धो होता, वीज कशी गेली होती, सुईणीला आणायला कंदील घेऊन कसं जावं लागलं. पुढे मला कळलं, की ती सगळी हकीकत त्यांच्या धाकट्या मुलाच्या जन्माची होती.

संध्याकाळी मी वाडीत परतले तर सगळे माझी वाट बघत होते. एवढी खूश वाडी मी गणपतीतही पाहिली नव्हती. "तुझं काम केलं," चुलत सासरे म्हणाले. "एक माणूस फुटला नाय." काय केलं ते ऐकलं आणि मी खांबाला धरून खालीच बसले.

महाडच्या सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. साहेब टेबलावर दोन कागद ठेवून बसले होते, एक माझा अर्ज आणि दुसरा चौकशीचा अहवाल. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही लिहिलंय जन्म नेपाळातला. तुमचं सगळं गाव सांगतंय शिवथरचा. तुमचे वडील तर पावसासकट सांगतात. यातलं खोटं कोण बोलतंय?" मी माहेराची सगळी गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी दोनदा खिडकीकडे तोंड वळवलं. ते हसू दाबत होते हे मला दिसलं आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. दुसरा कुणी असता तर गुरकावला असता. मग गंभीर होऊन त्यांनी समजावलं. हे असंच वर गेलं तर तुम्ही काहीतरी दडवताय असा अर्थ निघेल आणि अर्ज तिथेच बसेल. त्या दोघांना घेऊन या. तुम्ही जन्माने त्यांच्या कुणी नाही, असा त्यांचा जबाब हवा.

मी कधी कुणाला मागितली नव्हती अशी गोष्ट मागायला मी शिवथरला गेले. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मी सांगितलं, तसा तिचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपली.

"कन्यादान केलंय मी तुझं," ती म्हणाली. "देवासमोर. आता सरकारापुढं जाऊन नाय म्हणू?"

"आई, नुसतं जन्माचं सांगायचंय."

"मला फरक नाय कळत त्यातला," ती म्हणाली आणि उठून गोठ्याकडे गेली. वडील माझ्याकडे न बघता विडी शोधत राहिले. मी समजावलं, चिडले, शेवटी रडलेसुद्धा. माझा स्वभाव तसा तापट, आणि हतबल झाले की तो आणखी तापतो. सकाळी उठले तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर बसली होती. "चल," ती म्हणाली. "तुझं काम अडायला नको."

जबाबाच्या वेळी ती साहेबांसमोर उभीच राहिली, बसली नाही. साहेबांनी विचारलं, ही तुमची कोण?

"कोण नाय," ती म्हणाली. "ही माझी लेक नाय."

"म्हणजे जन्म दिलेली नाही, असं ना आजी?" साहेबांनी मऊपणे विचारलं.

"नाय. आमची कोणच नाय ती. आम्हाला लेक नाय." एकदा जास्त बोलून काम बिघडवलं होतं, आता कमी पडायला नको म्हणून ती ठासून बोलत होती. वडिलांनीही मान हलवली. साक्षरता वर्गात शिकलेली सही तिने हळूहळू, एकेक अक्षर जोडत केली. बाहेर आल्यावर मी तिचा हात धरायला गेले, तर तिने पदर सावरायचं निमित्त करून तो काढून घेतला. महाडच्या स्टँडवर ती गाडीत चढली आणि खिडकीतून तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या वर्षी गौरी आल्या आणि गेल्या. शिवथरहून कुणी आलं नाही.

मी आधी वाटच बघत राहिले. पाऊस जास्त असेल, गाडी चुकली असेल. मग फोन केला. "आई, मी बोलतेय." पलीकडून उत्तर आलं, "हां, बोला. कशा हाव तुमी?" मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण नाही, पुढेही तसंच. तुमी जेवलात का, तुमची मुलगी बरी हाय का. जिने मला न्हाऊ घातलं ती मला अहो-जाहो करत होती. फोन ठेवल्यावर मी सासूबाईंशी भांडले, कारण समोर त्याच होत्या.

दिवाळीनंतर न राहवून मी शिवथरला गेले. आई अंगणात भात वाळवत होती. शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "लेक आली गो तुझी?" तशी आई गडबडीने म्हणाली, "लेक नाय ती. पोलादपुराकडच्या बाई हायत. घळ बघायला आल्यात." समर्थांची घळ बघायला तिथे माणसं येतात हे खरं, पण मी त्या घरात बाळंतीण म्हणून निजले होते. शेजारीण बघतच राहिली. मला चहा कपबशीत आला, पाहुण्यांना देतात तसा. त्या घरात मी आजवर पितळीतच चहा प्यायले होते. तो कसाबसा संपवून मी उठले आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून महाडपर्यंत रडत आले.

नवरा म्हणाला, दुखावलीय ती, जरा दम धर. सासूबाई म्हणाल्या, "तू तिच्याकडून वदवून घेतलंस, आता तिला बोल लावू नको." दोघांचंही बरोबर असेल, पण मला ते नको होतं. नागरिकत्व मिळवायच्या नादात मी माहेर घालवून बसले, एवढंच मला दिसत होतं. अर्ज मागे घ्यावा असंही मनात येऊन गेलं. पुढच्या वर्षीच्या गौरीही तशाच गेल्या. चुलत सासऱ्यांनी पोलादपूरच्या बाजारातून एक तवसं आणून गुपचूप आमच्या ओट्यावर ठेवलं. या माणसाची मी इतकी चेष्टा करते, पण त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले.

आणि मग मंजुरी आली. नेपाळचं नागरिकत्व सोडायचं होतं. आमाला फोन केला. आता ती आणि बाबा तिकडे डोंगरातल्या गावी असतात. तिने एकच विचारलं, "आता तुला इकडं येताना सीमेवर अडवणार नाहीत ना?" नाही आमा, म्हटलं, येता येईल. "मग झालं," ती म्हणाली.

शपथेला अलिबागला गेलो. मी कोरी साडी नेसले होते, नवऱ्याने लग्नातला सदरा घातला होता आणि तो पोटावर चांगलाच तटत होता. मी मराठीतून शपथ वाचायला लागले. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला माझ्या डोळ्यांपुढे आमचा ओटा आला, शेंगा सोलत माझ्यासाठी खोटं बोलणारी ती सगळी माणसं आली, आणि माझा आवाज फुटला. समोरच्या बाई अधिकारी थांबल्या, पाण्याचा ग्लास पुढे केला, म्हणाल्या, "सावकाश वाचा, आम्हाला घाई नाही." सही झाल्यावर त्यांनी उठून उभं राहून माझं अभिनंदन केलं. आयुष्यात मला सरकारकडून मिळालेली ती पहिलीच गोष्ट, आणि ती मला फार मायेने मिळाली. हे मी विसरणार नाही.

परत येताना महाडला उतरलो. नवऱ्याला म्हटलं, तू पुढे हो. कुठे जातेस, असं त्याने विचारलं नाही.

शिवथरला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप हातात तसंच धरून उठली आणि एका हाताने चटई घालायला लागली. "बसा," म्हणाली. मी चटईवर बसले आणि पिशवीतून प्रमाणपत्र काढून तिच्यापुढे धरलं.

"आलं?" तिने विचारलं.

"आलं."

"आता पोलीस नाय येणार चौकशीला?"

"नाही."

"तुमच्या वाडीत? हितं? कुठंच नाय?"

"कुठंच नाही, आई. संपलं सगळं."

"नक्की ना? कोण इचारणार नाय परत, ही कोण तुझी म्हणून?"

"विचारलं तरी आता काही बिघडत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. मग ओट्यावरच बसकण मारली आणि पदर डोळ्याला लावून हमसून रडायला लागली. वडील आतून धावत आले. "मी सायबांसमोर सही करून सांगितलंवतं, लेक नाय म्हणून," ती रडत रडत म्हणाली. "आनि कोण आला असता आवचित, आनि माझ्या तोंडून बाय म्हणून निघालं असतं तर? पैल्यांदा माझ्या तोंडानंच तुझं काम बिघडलंवतं ना. म्हनून सवयच मोडली. शेजारणीला पन त्या दिशी तसंच सांगितलं, लेक नाय म्हनून. गौरीला आले असते तर वाडीनं बघितलं असतं, बोलले असते सगळे."

दोन वर्षं मी तिच्यावर रुसले होते आणि दोन वर्षं ती माझ्यासाठी जीभ चावून बसली होती.

वडिलांनी हसत वर बोट दाखवलं. आढ्याला, धुराने काळ्या पडलेल्या वाशाला, काथ्याने बांधलेलं एक पिवळंजर्द तवसं लटकत होतं. त्याच्यावर चुन्याचं बोट होतं.

"तुझं हाय," आई नाक पुसत म्हणाली. "औंदाच्या गौरीचं. गेल्या सालचं तुझ्या नावानं ठेवलं ते सडलं, पर बी राखलं मी त्याचं. हे त्याच बियाचं." वडिलांनी बाकावर चढून ते सोडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ते चांगलंच जड होतं.

आईने प्रमाणपत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अजूनही तिला पुरती खात्री वाटत नसावी. आवाज खाली आणून तिने विचारलं, "म्हंजे आता लेक म्हटलं तर चालंल?"

मी मान हलवली.

"मग अशी चटईवर काय बसलीस पावनीसारखी," ती म्हणाली. "आत ये गो बाय. चाय टाकते पितळीत."